उत्बाचे पुत्र हजरत अबू हुजैफा (रजि.)

बद्रच्या लढाईचा वृत्तांत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. रमजानची १७ तारीख जवळ आली की तरावीहनंतरच्या बयानांतून त्या ३१३ जणांची, त्यांच्याजवळच्या अवघ्या दोन घोड्यांची आणि आळीपाळीने बसून आणलेल्या उंटांची आठवण निघते. समोरच्या सुमारे एक हजार शस्त्रसज्ज कुरैशांची संख्या सांगितली जाते आणि अल्लाहच्या मदतीचे वर्णन होते. हे सर्व खरेच आहे. पण या वर्णनात एक गोष्ट बहुधा मागे राहते. ते दोन पक्ष एकमेकांना परके नव्हते. एकाच शहराच्या गल्ल्यांत वाढलेली, एकाच पणजोबाच्या नावाने ओळखली जाणारी माणसे त्या दिवशी आमनेसामने उभी होती. कोणाचा चुलता पलीकडे होता, कोणाचा जावई, तर कोणाचा सख्खा भाऊ.

यांपैकी ज्यांच्या वाट्याला ही परीक्षा सर्वांत कठोर रूपात आली, त्या सहाबींचे नाव हजरत अबू हुजैफा बिन उत्बा (रजि.). कुरैशांच्या बाजूने द्वंद्वयुद्धासाठी जे पहिले तिघे पुढे आले, ते तिघेही त्यांच्याच घरचे होते. एक पिता, दुसरा चुलता आणि तिसरा भाऊ. सूर्य मावळण्यापूर्वी तिघेही मारले गेले. या थोर सहाबींचे जीवन आज आपण क्रमाने पाहू.

घराणे आणि पिता

अबू हुजैफा (रजि.) कुरैशांच्या अब्दे शम्स या शाखेतील होते. त्यांचे पणजोबा अब्दे शम्स आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पणजोबा हाशिम हे दोघे अब्दे मनाफचे पुत्र, म्हणजे सख्खे भाऊ. आपल्या भाषेत सांगायचे तर ही दोन घराणी एकमेकांची भाऊबंद होती. आणि भाऊबंदकीत जशी आपुलकी असते तशी चढाओढही असते. मक्केत दोन्ही होत्या.

त्यांचा पिता उत्बा बिन रबीआ हा मक्केच्या मोजक्या सरदारांपैकी एक. संपत्ती, वक्तृत्व, संयम आणि व्यवहारज्ञान या गुणांसाठी तो प्रसिद्ध होता. त्याला अबू जहलच्या पंक्तीत बसवून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. त्याने ईमान आणले नाही हे सत्य आहे. पण त्याच्या वागण्यात अबू जहलचा द्वेष नव्हता, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

कुरैशांनी एकदा त्यालाच आपला प्रतिनिधी म्हणून प्रेषितांकडे (स.) पाठविले. धन हवे असेल तर धन, सरदारकी हवी असेल तर सरदारकी, राज्य हवे असेल तर राज्य, असा प्रस्ताव त्याने सौम्य शब्दांत मांडला. प्रेषितांनी (स.) त्याचे बोलणे संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तरादाखल सूरह हा-मीम सजदा पठण केली. दोन्ही हात पाठीमागे टेकवून उत्बा ऐकत राहिला. तो परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यात पडलेला फरक त्याच्या साथीदारांनी लांबूनच ओळखला. त्याने कुरैशांना सल्ला दिला की, या माणसाला त्याच्या वाटेने जाऊ द्या. तो यशस्वी झाला तर त्याचा सन्मान तो तुमचाच सन्मान होईल. त्याचे कोणी ऐकले नाही. उलट त्याच्यावर जादू झाली, असा शेरा मिळाला.

दुसरा प्रसंग ताइफचा. तेथील लोकांनी दगड मारून प्रेषितांना (स.) रक्तबंबाळ केले, तेव्हा त्यांनी ज्या द्राक्षमळ्याच्या सावलीत आसरा घेतला तो उत्बा आणि त्याचा भाऊ शैबा यांचा होता. दोघे भाऊ त्या वेळी मळ्यातच होते. रक्ताचे नाते जागे झाले आणि त्यांनी आपला ख्रिस्ती गुलाम अद्दास याच्या हाती द्राक्षांचे तबक पाठविले. अद्दासचे मन त्या भेटीत प्रेषितांकडे (स.) ओढले गेले. मालकांची मने मात्र द्राक्षे पाठविण्यापलीकडे गेली नाहीत.

ज्या पुत्राचा पिता असा होता, त्याने पित्याविषयी आशा बाळगली तर त्यात नवल ते काय?

ईमान आणि पहिली हिजरत

अबू हुजैफा (रजि.) दिसायला उंच आणि देखणे होते. सरदाराच्या घरचे सारे सुख त्यांच्या पायाशी होते. तरीही प्रेषितांनी (स.) हजरत अरकम (रजि.) यांच्या घरात दावतचे केंद्र स्थापन करण्यापूर्वीच त्यांनी इस्लाम स्वीकारला. म्हणजे मुसलमानांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती त्या काळात. मक्केत अत्याचार झाले ते मुख्यतः दुबळ्यांवर आणि गुलामांवर. पण मोठ्या घरच्या मुलांचे हाल वेगळ्या प्रकारचे होते. त्यांना चाबकाऐवजी स्वतःच्याच घरातील अबोला, तिरस्कार आणि कुळाला बट्टा लावल्याचा आरोप सोसावा लागे.

त्यांच्या पत्नी हजरत सहला बिन्त सुहैल (रजि.) यांनीही इस्लाम स्वीकारला होता. त्यांचे वडील सुहैल बिन अम्र हेदेखील कुरैशांचे नामांकित सरदार आणि वक्ते होते व इस्लामच्या विरोधात उभे होते. म्हणजे या जोडप्याला माहेरही तुटले आणि सासरही. नुबुव्वतच्या ५ व्या वर्षी, सन ६१५ मध्ये, हबशाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या दिशेने, जो पहिला लहान काफिला समुद्र ओलांडून गेला, त्यात हे पतिपत्नी होते. त्या काफिल्यात जेमतेम डझनभर पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. कुरैशांनी इस्लाम स्वीकारला अशी खोटी बातमी ऐकून ते परतले आणि वस्तुस्थिती कळल्यावर पुन्हा हबशाला गेले. त्यांचे पुत्र मुहम्मद यांचा जन्म त्या परमुलखातच झाला. मक्केच्या एका बड्या सरदाराचा नातू आजोबांच्या अंगणापासून दूर, परक्या राजाच्या आश्रयाखाली जन्मला. पुढे हे कुटुंब मक्केस परत आले आणि तेथून मदीनेची हिजरत केली.

सालिम : ज्यांना पिता नव्हता

या चरित्रातील दुसरे महत्त्वाचे नाव हजरत सालिम (रजि.) यांचे आहे. सालिम (रजि.) मूळचे इराणकडचे. गुलामीत आलेले, पित्याचे नाव ठाऊक नसलेले. सुबैता बिन्त यआर या मदीनेच्या अन्सारी महिलेने, ज्या अबू हुजैफा (रजि.) यांच्या पत्नी होत्या, त्यांना स्वतंत्र केले आणि अबू हुजैफा (रजि.) यांनी त्यांना पुत्र मानले. अरबांच्या तत्कालीन रिवाजानुसार लोक त्यांना सालिम बिन अबी हुजैफा म्हणू लागले.

अब्दे शम्सच्या घराण्याला आपल्या वंशाचा केवढा अभिमान होता हे लक्षात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते. अबू हुजैफा (रजि.) एवढ्यावरच थांबले नाहीत. त्यांनी आपल्या सख्ख्या पुतणीचा, म्हणजे भाऊ वलीद बिन उत्बा याच्या कन्येचा, विवाह सालिम (रजि.) यांच्याशी लावून दिला. सरदार उत्बाची नात एका मुक्त गुलामाची पत्नी झाली.

कालांतराने सूरह अहजाबमध्ये आज्ञा अवतरली की मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारावी आणि पिता ठाऊक नसेल तर ते तुमचे धर्मबंधू व तुमचे स्वजन आहेत. त्या दिवसापासून सालिम (रजि.) अबू हुजैफांचे मौला म्हणून ओळखले जाऊ लागले. नाव बदलले, जिव्हाळा मात्र तसूभरही कमी झाला नाही.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या नियमाने सालिम (रजि.) यांना अबू हुजैफांचे पुत्र म्हणणे थांबले, त्याच नियमाने अबू हुजैफा (रजि.) अखेरपर्यंत उत्बाचेच पुत्र राहिले. पिता ईमानवंत नव्हता, युद्धात विरोधात होता. तरी शरीअतने पुत्राकडून पित्याचे नाव काढून घेतले नाही. आजही सहाबांच्या चरित्रग्रंथांत त्यांची नोंद अबू हुजैफा बिन उत्बा अशीच आहे.

सालिम (रजि.) यांची योग्यता अशी की, प्रेषित (स.) मदीनेत पोहोचण्यापूर्वी कुबा परिसरात जमलेल्या मुहाजिरांची इमामत तेच करीत, कारण कुरआन सर्वाधिक त्यांनाच मुखोद्गत होते. ज्या चौघांकडून कुरआन शिकावे असे प्रेषितांनी (स.) सांगितले, त्यांत सालिम (रजि.) यांचे नाव आहे.

बद्र : पिता पलीकडे, पुत्र अलीकडे

मदीनेत प्रेषितांनी (स.) अबू हुजैफा (रजि.) आणि अन्सारी सहाबी हजरत अब्बाद बिन बिश्र (रजि.) यांच्यात बंधुत्व जोडून दिले. दोन वर्षे उलटली नाहीत तोच संघर्षाचे ढग जमू लागले. हिजरी २ च्या रजब महिन्यात हजरत अब्दुल्लाह बिन जहश (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली एक लहान तुकडी नखला येथे गेली होती. तीत अबू हुजैफा (रजि.) होते. तेथे झालेल्या चकमकीत कुरैशांच्या बाजूचा अम्र बिन हजरमी मारला गेला. हा अम्र कोण? उत्बाशी मैत्रीच्या कराराने बांधला गेलेला माणूस. अरबांच्या रीतीप्रमाणे त्याच्या रक्ताची जबाबदारी उत्बाकडे येत होती. म्हणजे पुत्र ज्या तुकडीत होता, तिच्या हातून पित्याचा करारबद्ध मित्र ठार झाला होता.

दोनच महिन्यांनी बद्र घडले. हिजरी २ चा रमजान, सन ६२४ चा मार्च. व्यापारी काफिला सुखरूप निसटल्याची बातमी कुरैशांना मिळाली होती. लढण्याचे कारण उरले नव्हते. हकीम बिन हिजाम हे उत्बाकडे गेले आणि हे युद्ध टाळण्याची विनंती त्यांनी केली. उत्बाने ती मान्य केली. तांबड्या उंटावर बसून तो आपल्या लोकांत फिरला. अम्रच्या रक्ताची भरपाई मी स्वतः देतो, आपल्याच भावांना मारून आपण एकमेकांची तोंडे कशी पाहणार, परत चला, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. प्रेषितांनी (स.) दुरून ते दृश्य पाहिले आणि त्या लोकांत कोणाजवळ भलाई असेल तर ती तांबड्या उंटाच्या स्वाराजवळ आहे, असे सांगितले.

परंतु अबू जहलने हा प्रयत्न एका टोमण्याने उधळून लावला. उत्बाला युद्ध नको आहे, कारण त्याचा मुलगा पलीकडच्या पक्षात आहे आणि त्याच्या जिवाची त्याला धास्ती वाटते, असे त्याने पसरविले. शिवाय अम्रच्या भावाला पुढे करून सुडाची आरोळी द्यायला लावली. भित्रेपणाचा आरोप उत्बाला सहन झाला नाही. जे त्याला स्वतःच्या अकलेने चुकीचे दिसत होते, तेच त्याने लोक काय म्हणतील या भयाने केले. भाऊ शैबा आणि पुत्र वलीद यांना घेऊन तो सर्वांआधी मैदानात उतरला आणि आव्हान देऊ लागला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. उत्बाचा नाश अज्ञानाने झाला नाही. त्याने कुरआन ऐकला होता, तो त्याला भिडलाही होता. आपले म्हणणे बरोबर आहे हेही त्याला कळत होते. त्याचा घात केला तो प्रतिष्ठेच्या मोहाने.

आव्हान स्वीकारण्यास प्रथम तीन अन्सारी तरुण पुढे झाले. कुरैशांनी आपल्या बरोबरीचे, आपल्याच कुळातील लोक मागितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) आपले चुलते हजरत हमजा (रजि.), चुलतभाऊ हजरत अली (रजि.) आणि आपल्याच भाऊबंदांतील वयस्क हजरत उबैदा बिन हारिस (रजि.) यांना पाठविले. एका रिवायतीत असेही येते की अबू हुजैफा (रजि.) स्वतः पित्यासमोर जाण्यास निघाले होते, पण प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले. द्वंद्वात उत्बा, शैबा आणि वलीद तिघेही मारले गेले. उबैदा (रजि.) यांचा पाय तुटला आणि परतीच्या वाटेवर त्यांनी प्राण सोडला.

विहिरीच्या काठावर

लढाई संपल्यावर कुरैशांच्या मृतदेहांना एका जुन्या पडक्या विहिरीत टाकण्याचा आदेश झाला. उत्बाचा देह ओढत नेला जात असताना प्रेषितांची (स.) नजर अबू हुजैफा (रजि.) यांच्यावर गेली. त्यांचा चेहरा उतरला होता, रंग पालटला होता. विजयाचा दिवस होता. सत्तर शत्रू मारले गेले होते, तितकेच कैद झाले होते. अशा वेळी हजार कामे समोर असताना सेनापतीची नजर एका सैनिकाच्या चेहऱ्यावर थांबली, यातच प्रेषितांच्या (स.) दयाळूपणाचे दर्शन घडते. पित्याच्या अवस्थेने तुमच्या मनात काही आले आहे काय, असे त्यांनी विचारले.

अबू हुजैफा (रजि.) यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता : पित्याविषयी किंवा त्याच्या मारले जाण्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या पित्याची बुद्धी, त्याचा संयम आणि त्याचे सद्गुण मला माहीत होते. हे गुण त्याला एके दिवशी इस्लामकडे घेऊन येतील अशी मला आशा होती. त्याचा शेवट कुफ्रवर झालेला पाहिला आणि त्या आशेचा अंत झाला. त्याचे मला दुःख आहे.

हे उत्तर ऐकून प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या ईमानाविषयी शंका घेतली नाही. डोळे पुसून विजयात सामील व्हा, असेही सांगितले नाही. त्यांनी अबू हुजैफांसाठी दुआ केली आणि त्यांच्याविषयी चांगले शब्द काढले.

असे का घडले असावे? ज्यांनी स्वतः ही वेदना भोगली होती तेच विचारीत होते. चुलते अबू तालिब यांनी प्रेषितांना (स.) पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले, आयुष्यभर ढाल होऊन संरक्षण केले. त्यांच्या मृत्युशय्येपाशी बसून प्रेषितांनी (स.) कलिमा उच्चारण्याची विनवणी केली आणि ती पूर्ण झाली नाही. आपल्या माणसाच्या हिदायतची वाट पाहत राहणे आणि ती न येणे म्हणजे काय, हे त्या विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या दोघांनाही ठाऊक होते.

एक शब्द आणि दहा वर्षे

त्याच दिवशी आणखी एक प्रसंग घडला. बनू हाशिममधील काही जणांना कुरैशांनी जबरीने युद्धात आणले आहे, त्यांना लढायचे नाही, म्हणून त्यांच्यावर शस्त्र चालवू नये, अशी सूचना प्रेषितांनी (स.) दिली. त्यांत आपले चुलते हजरत अब्बास यांचेही नाव घेतले. हे ऐकून अबू हुजैफा (रजि.) यांच्या तोंडून शब्द निसटले. आम्ही आमच्या बापांना आणि भावांना मारायचे आणि अब्बासना सोडायचे काय, ते मला भेटले तर मी तलवार चालवीन, अशा अर्थाचे ते शब्द होते.

ते प्रेषितांच्या (स.) कानावर गेले. त्यांनी हजरत उमर (रजि.) यांच्याजवळ केवळ खेद व्यक्त केला. उमर (रजि.) संतापले, हा दांभिक झाला असे म्हणून शिक्षा देण्यास निघाले. पण प्रेषितांनी (स.) कोणतीही शिक्षा होऊ दिली नाही. दुखावलेल्या मनातून निघालेला उद्गार आणि निफाक यांतील फरक त्यांनी ओळखला.

त्या उद्गारात पक्षपाताची जी शंका होती, तिचे निरसन घटनांनीच केले. द्वंद्वासाठी प्रेषितांनी (स.) सर्वांत आधी आपल्याच घरची माणसे पुढे केली होती. आणि अब्बास जेव्हा कैद होऊन आले तेव्हा अन्सारांनी त्यांची खंडणी माफ करण्याची तयारी दाखविली, प्रेषितांनी (स.) एक दिरहमही सोडू दिला नाही.

अबू हुजैफा (रजि.) यांना आपला शब्द आयुष्यभर बोचत राहिला. त्या दिवशी बोललेल्या शब्दापासून मी निर्धास्त नाही, शहादत लाभली तरच त्याचे प्रायश्चित्त होईल, असे ते म्हणत. प्रेषितांनी (स.) क्षमा केली होती, लोक विसरले होते. त्यांनी स्वतःला मात्र विसरू दिले नाही.

बहीण आणि सासरे

बद्रनंतर मक्केत शोक आणि सूड यांचे वातावरण पसरले. त्यांची बहीण हिंद बिन्त उत्बा, जी अबू सुफियान यांची पत्नी होती, पिता, चुलता आणि भाऊ गमावून बसली होती. पित्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या भावाविषयीही तिने कठोर काव्य रचले. हिजरी ३ मध्ये उहुदच्या मैदानावर हजरत हमजा (रजि.) यांच्या मृतदेहाची जी विटंबना झाली, तिच्याशी तिचे नाव जोडले गेले. विचार करा, अबू हुजैफा (रजि.) उहुदमध्ये मुसलमानांच्या पक्षात लढत होते, हमजा (रजि.) हे त्यांचे दीनी बंधू होते, आणि ज्या सुडापायी हे घडले तो त्यांच्याच पित्याच्या रक्ताचा होता.

सासरे सुहैल बद्रमध्ये कैद झाले होते. त्यांच्या जिभेने इस्लामविरुद्ध पुन्हा भाषणे करू नयेत म्हणून त्यांचे पुढचे दात पाडावेत, असे हजरत उमर (रजि.) यांनी सुचविले. प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि एखादे दिवशी हाच माणूस अशा जागी उभा राहील की तुम्हाला तक्रार राहणार नाही, अशी आशा व्यक्त केली. हिजरी ६ मध्ये हुदैबियाचा करार कुरैशांच्या वतीने याच सुहैलनी केला.

मग हिजरी ८ मध्ये मक्का जिंकली गेली. सुहैल यांनी इस्लाम स्वीकारला. हिंद यांनीही स्वीकारला आणि बैअत केली. आणि हिजरी ११ मध्ये प्रेषितांच्या (स.) निधनानंतर मक्केचे लोक डळमळू लागले, तेव्हा सुहैल (रजि.) यांनीच उभे राहून भाषण केले व शहराला इस्लामवर स्थिर ठेवले.

अबू हुजैफा (रजि.) यांनी जी आशा पित्याविषयी बाळगली होती, ती पित्याच्या बाबतीत फळली नाही, ती फळली सासऱ्यांच्या आणि बहिणीच्या बाबतीत. हिदायत अल्लाहच्या हाती आहे. ती कोणत्या दारातून येईल हे माणूस ठरवू शकत नाही. म्हणून कोणाही जिवंत माणसाविषयी निराश होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यमामा

हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतच्या आरंभी, सन ६३२-३३ च्या सुमारास, खोटा नबी मुसैलमा याच्याविरुद्ध यमामा येथे घनघोर युद्ध झाले. सेनापती हजरत खालिद बिन वलीद (रजि.) होते. प्रारंभी मुसलमानांची फळी मोडली. त्या वेळी अबू हुजैफा (रजि.) यांनी कुरआनच्या जाणकारांना हाक दिली आणि कुरआन आपल्या कृतीने सुशोभित करण्याचे आवाहन करीत ते शत्रूत घुसले. तेथेच ते शहीद झाले. त्या वेळी त्यांचे वय ५३ किंवा ५४ वर्षांचे होते.

मुहाजिरांचा झेंडा सालिम (रजि.) यांच्या हाती होता. त्यांच्या बाजूने शत्रू घुसेल की काय अशी काहींना शंका वाटली, तेव्हा तसे झाले तर आपण कुरआनचे किती वाईट वाहक ठरू, असे उत्तर त्यांनी दिले. उजवा हात तुटला तेव्हा त्यांनी झेंडा डाव्या हाती घेतला. तोही तुटला तेव्हा उराशी कवटाळला. कोसळल्यावर त्यांनी पहिली विचारणा केली ती अबू हुजैफांची. ते शहीद झाल्याचे कळले, तेव्हा मला त्यांच्याजवळ निजवा, अशी इच्छा त्यांनी दर्शविली. दोघे एकमेकांशेजारी आढळले. एकाचे मस्तक दुसऱ्याच्या पायांपाशी होते. अबू हुजैफांचे अन्सारी बंधू अब्बाद बिन बिश्र (रजि.) यांनाही याच युद्धात शहादत लाभली.

बद्रला ज्यांच्या रक्ताचे नाते विहिरीत गेले होते, त्यांना यमामात मानलेल्या नात्याची सोबत मिळाली. आणि बद्रच्या त्या एका शब्दासाठी ज्या शहादतची त्यांनी सुमारे नऊ-दहा वर्षे वाट पाहिली, ती अल्लाहने त्यांना दिली.

या युद्धात कुरआनचे अनेक हाफिज शहीद झाले. त्यामुळेच हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून अबू बक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे कुरआन एकत्रित लिहून काढण्याचे काम सोपविले. आज आपल्या घरातील मुसहफ उघडताना त्या कार्यामागे यमामाच्या शहीदांचे रक्त आहे, याचे स्मरण असावे.

आपल्यासाठी बोध

डोंगरी, मदनपुरा, भायखळा किंवा परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांवर बद्रसारखी वेळ आलेली नाही आणि अल्लाह ती कोणावर न आणो. तरीही निष्ठा विभागल्या जाण्याचा प्रसंग आपल्या घरांतही येतोच. वडील व्याजाच्या व्यवहारात अडकलेले आहेत आणि मुलाला ते मान्य नाही. खोलीच्या वाटणीत थोरला भाऊ बहिणीचा हक्क नाकारतो आहे आणि धाकट्याला खरे काय ते माहीत आहे. एखाद्याने दीन स्वीकारला आहे आणि त्याचे आईवडील जुन्या धर्मावर आहेत. आई केईएम रुग्णालयात दाखल आहे आणि तिच्या उशाशी बसावे की नाही, असा प्रश्न तो भीत भीत विचारतो.

या प्रश्नांची उत्तरे सहाबांच्या जीवनात आहेत. पहिली गोष्ट, सत्याच्या बाबतीत तडजोड नाही. पिता कितीही थोर असला तरी त्याच्या चुकीत सहभाग नाही. दुसरी गोष्ट, विरोध म्हणजे द्वेष नव्हे. सूरह लुकमानची शिकवण हीच आहे की आईवडिलांनी शिर्कचा आग्रह धरला तर ऐकू नये, पण जगात त्यांच्याशी भल्या रीतीनेच वागावे. हजरत अस्मा (रजि.) यांची आई मुसलमान नसताना मुलीच्या भेटीस आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्याशी चांगले वागण्याचीच आज्ञा दिली. म्हणून रुग्णालयातील त्या आईच्या उशाशी अवश्य बसावे, तिचे पाय चेपावेत आणि औषधाचा खर्च करावा. जे आपल्याशी धर्मावरून लढत नाहीत आणि आपल्याला घराबाहेर काढीत नाहीत, अशा सर्वांशी सदाचार आणि न्याय करावा, असे सूरह मुम्तहिना सांगते. आपले शेजारीपाजारी याच आज्ञेत येतात. बद्रचे उदाहरण त्यांना लावणे चुकीचे आहे.

तिसरी गोष्ट, दुःख करणे हा ईमानाचा दुबळेपणा नव्हे. अबू हुजैफा (रजि.) पित्याच्या देहाकडे पाहून खिन्न झाले आणि प्रेषितांनी (स.) त्यांना दुआ दिली. ज्या घरात असे दुःख आहे, तेथे फतव्याची घाई करण्यापूर्वी आपणही आधी त्या माणसाचा चेहरा पाहावा.

आणि चौथी गोष्ट, रागाच्या भरात निघालेला शब्द हलका समजू नये. क्षमा मिळाली तरी आपण आपला हिशेब ठेवावा.

अल्लाह हजरत अबू हुजैफा (रजि.) आणि हजरत सालिम (रजि.) यांचे दर्जे उंचावो. आपल्याला सत्यावर स्थिर राहण्याचे बळ, नात्यांत न्याय आणि मायेने वागण्याची बुद्धी देवो, आणि आपल्या प्रियजनांपैकी जे अजून वाटेवर आहेत त्यांच्यासाठी हिदायतची दारे उघडो. आमीन.